मोकळं पाणी

त्या दिवशी दुपारी आई कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती आणि मी तिला कादंबरी वाचून दाखवत होते. दुसऱ्या पानावरच तिची मान कलली. मी थांबले, तर डोळे न उघडता म्हणाली, "वाच नं, ऐकून राह्यली मी."

ऐकत ती नसायचीच. मी खामगावला मुलींच्या शाळेत शिकवते. सुटीत घरी येताना दरवेळी नवं पुस्तक आणायचे आणि आमच्या घरात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं नव्हतं. दिवसभर गावोगाव फिरून ती इतकी दमलेली असे की बसल्या जागी तिला झोप लागे. टाचांना भेगा पडल्या होत्या. पाण्यात थोडं मीठ टाकू का, असं मी विचारलं होतं, तर म्हणाली, आपल्या विहिरीनं ते आधीच टाकलेलं आहे. आमचा सगळा मुलूख खारपाणपट्ट्यातला. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात चार विहिरी असल्या तर तीन खाऱ्या निघतात, आणि जी एखादी गोडी विहीर असेल तिच्यावर सगळं गाव लोटतं.

वरवट बकालच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेल्या आरोग्य केंद्रात आई परिचारिका होती. अन्नपूर्णाबाई हे नाव फक्त पगाराच्या दिवशी कोणीतरी उच्चारत असेल. एरवी ती सगळ्यांची बाई. मी कडेवर असताना वडील गेले. मला आजीजवळ ठेवून ती अकोल्याला शिकली, परत आली आणि आठ-दहा गावांची बाळंतपणं, टोचणी आणि विहिरी तिच्या अंगावर पडल्या. विहिरी म्हणजे पावसाळ्यात त्यांत ब्लीचिंग पावडर टाकणं. हे सारं सांगायचं कारण असं की ती ज्यात गेली ते तिच्या कामातलंच होतं, आणि तिचा त्या दिवसापर्यंतचा प्रत्येक दिवस मला असाच, एकसारखा आठवतो. श्रावण चालू होता. साल एकोणसत्तर.

पुस्तक मिटून मी चहा ठेवला, तेवढ्यात शालिग्राम आला. शालिग्राम आरोग्य केंद्रातला शिपाई, आईच्याच वयाचा. तिची पेटी उचलून तिच्या मागे चालण्यात त्याची सारी नोकरी सरली. टाकळीहून निरोप होता. गावात हैजा, म्हणजे पटकी, निघाला होता. एक म्हातारा आणि एक लेकुरवाळी, दोघं गेली होती. सरपंच उकंडरावांनी बैलांची दमणी पाठवली होती आणि सांगितलं होतं, बाईले म्हणा, येऊन पाणी मोकळं करून द्या.

आईनं पाय पुसले. "मोकळं करा म्हणे," ती म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून उठली.

पाणी मोकळं करणं, हा शब्द आमच्या भागात आईमुळे आला. त्याची गोष्ट शालिग्राम मला कितीदा तरी सांगे. काही वर्षांपूर्वी संततिनियमनासाठी लूप बसवण्याची मोहीम निघाली. आई दारोदार जाऊन बायांना पाळणा लांबवायचं सांगू लागली. त्याच पावसाळ्यात ती त्याच पिशवीतून पांढरी पावडर काढून विहिरीत टाकू लागली. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. बाई घरात येऊन सांगते ते आपण ऐकत नाही, म्हणून आता विहिरीतच दवा टाकून राह्यली. टाकळीच्या गोड्या विहिरीवरून बाया रिकाम्या घागरी घेऊन परत फिरल्या आणि नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी भरू लागल्या. नाल्याच्या वरच्या अंगाला सगळ्या गावाचे कपडे धुतले जात.

तेव्हा आईनं लोटा मागितला. मीच आधी पिते, म्हणाली. तर तानुबाई पुढे आली. तानुबाई टाकळीतली जुनी, जिभेची तिखट बाई. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं काय जाते बाई? तुमाले नवरा नाई. तुमी त्या दवाईची घागर पेल्या तरी तुमाले काय होते?"

 शालिग्राम म्हणे, माझा तर पाय मागेच सरकला. आई तानुबाईकडे वळून म्हणाली, "खरं हाये. मंग आधी उकंडरावले पाजा, अन् वर्षभर वाट पाहा."

उकंडरावांची बायको तिथंच होती. तीच आधी हसली. मग सगळ्या हसल्या, तानुबाईसुद्धा, म्हणाली, मले दोन चमचे जास्तीचे टाका, नऊ झाले माहे. त्या हसण्यात आई लोटाभर पाणी प्यायली आणि बायांनी घागरी बुडवल्या. तानुबाईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं. पण घागरी भरल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी तिच्यासाठी लोटा घासूनच आणला होता. मग इतर गावांतही तसंच सुरू झालं. बाई पावडर टाकणार, बाया घागरी घेऊन रांगेनं उभ्या राहणार, बाई पहिला लोटा पिणार आणि कोणीतरी म्हणणार, झालं, पाणी मोकळं झालं. बाई पेल्याबिगर कोणी दोर सोडत नसे. पावडर टाकल्यावर निदान तासभर थांबायचं असतं. आई सांगे आणि सुरुवातीला थांबवीही. पण रांगेतल्या बायांना घरी चूल असे, शेतावर जायचं असे. थांबणं हळूहळू कमी झालं. लोटा राहिला.

एकदा जेवताना आई मला म्हणाली, "लोकायले आता वाटते, माह्या पेण्यानंच पाणी साफ होते. पावडर राह्यली बाजूले. एका गावानं तं पावडरीशिवायच बोलावलं."

मी म्हटलं, मग त्यांना सांग ना.

"सांगतलं. हाव म्हणतात, अन् लोटा पुढं करतात."

ती हसली नाही, चिडलीही नाही. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत भिजत ठेवला आणि नवीन डॉक्टर कधी येणार, हे बोलू लागली.

मी तिला पाणी मोकळं करताना दोन-तीनदा पाहिलं होतं. दरवेळी लोटा तिच्या ओठाला लागला की मी दुसरीकडे पाहत असे.  आमच्या घरात एकमेकींच्या कामात बोललं जात नसे. तिनं मला कधी विचारलं नाही की तू शाळेत काय शिकवतेस, आणि मी तिला कधी म्हटलं नाही की हे करू नकोस. मला वाटे, जी बाई रात्री-अपरात्री चिखल तुडवत दुसऱ्यांची बाळंतपणं करायला गेली आणि जिनं त्यावर मला शिकवलं, तिला मी काय सांगायचं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर दमणीत बसले, ती एवढ्याचसाठी की सणाच्या सुटीचा शेवटचा दिवस होता आणि तेवढाच वेळ सोबत मिळाला असता. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. उत्तरेला सातपुडा ढगात गेला होता. आई पुन्हा पेंगली. खाचखळग्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं.

टाकळीच्या विहिरीवर सगळ्या बाया होत्या. उकंडराव बाजूला निंबाखाली उभे होते. आईनं पावडरीचा डबा उघडला, चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. एरवी तो वास डोळ्यांत पाणी आणतो. तिनं चिमूट शालिग्रामच्या नाकाशी धरली. तो म्हणाला, जिल्ह्याहून नवं पोतं अजून आलं नाही, हेच होतं.

"वास मेला याचा," आई म्हणाली.

तरी तिनं सगळा डबा बादलीत रिता केला. पाणी घालून ढवळलं, चुना खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढलं आणि ती बादली विहिरीत सोडून खालवर हलवली. हे सगळं तिनं नेहमीच्याच निगुतीनं केलं. मग बायांकडे वळून म्हणाली, आज दिवेलागणीपर्यंत कोणी पाणी काढू नका. आणि काढलं की उकळा.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुष्कळशा घरांत माणूस पडलेला होता. प्यायला पाणी नव्हतं, धुवायला नव्हतं. तानुबाईचा नातू सकाळपासून ओकत होता. ती म्हणाली, बाई, दिवेलागणीपर्यंत त्याच्या तोंडात काय घालू? उकळाले जळतण कुठून आणू, सगळं ओलं हाये. एकीनं घागर उचलून कमरेवर घेतली आणि झिऱ्याची वाट धरली. तिच्यामागे दुसरी निघाली.

आईनं झिऱ्याकडे पाहिलं. वरच्या अंगाला दोघीजणी चादरी आपटत होत्या, आणि त्या चादरी कोणत्या आजाऱ्यांच्या, ते सगळ्यांना माहीत होतं. मग तिनं विहिरीत पाहिलं. मला वाटतं, तिनं एवढाच वेळ घेतला.

"दे व तो लोटा," ती म्हणाली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिनं पाणी सावकाश पिऊन संपवलं, शेवटचा थेंबही लोट्यात ठेवला नाही. झिऱ्याकडे निघालेल्या दोघी परत आल्या. कोणीतरी म्हणालं, झालं, मोकळं झालं.

परत येताना दमणीत मी विचारलं, "ते पाणी चांगलं झालं होतं?"

"विहिरीचं काई सांगता येत नाई," ती म्हणाली. "झिऱ्याचं सांगता येते." मग म्हणाली, "मी टोचून घेतलेलं हाये. तू काळजी नको करू."

मी काळजी केली नाही. घरी आल्यावर तिनं थंड झालेला चहा गरम करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी खामगावला गेले नाही. सकाळपासून तिला जुलाब सुरू झाले होते. केंद्रात सलाइनच्या बाटल्या होत्या तेवढ्या लावल्या. तालुक्याहून जीप यायला दुपार झाली. तिला सगळं कळत होतं. स्वतःच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून ती सोडून पाही आणि ती घडी किती वेळ राहते ते बघे. दुसऱ्यांची पाहायची तशी. संध्याकाळी तिच्या हाताची बोटं धुण्याला बसलेल्या बाईच्यासारखी सुरकुतली होती. मी खूप वाचलेलं आहे. पुस्तकात माणसं जाताना काही बोलतात आणि मागे राहिलेल्यांना ते पुरतं. आई मला म्हणाली, "माहे कपडे नाल्यावर धुवू नको. जाळून टाक." त्यानंतर ती बोलली नाही.

कपडे मी जाळले. शेजारच्या बाया म्हणाल्या, सवाष्णीचं नसलं तरी चांगलं लुगडं कोणाला तरी देतात, जाळत नाहीत.  परसात उभी राहून शेवटचा धागा राख होईपर्यंत काडीनं खालवर करत राहिले.

तेराव्याला उकंडराव आले. डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या गावात त्या दिवसानंतर आणखी काहीजण पडले होते, पण गेलं कोणी नव्हतं. तानुबाईचा नातू वाचला होता. कोण झिऱ्याचं पाणी पिऊन पडलं, कोण विहिरीचं, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. उकंडराव म्हणाले, "पोरी, बाईनं गावावरची मरी स्वतः पेऊन टाकली. आमी विहिरीपाशी वटा बांधून राह्यलो बाईच्या नावाचा."

ते मनापासून बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना चहा दिला आणि बरं म्हटलं.  मला फार थकवा आला होता. तिच्यासारखी मीही बसल्या जागी झोपत होते.

शाळेत परत जायच्या आदल्या दिवशी शालिग्राम आला. जिल्ह्याहून नवं पोतं आलं होतं. त्यानं सकाळीच टाकळीच्या विहिरीत पावडर टाकली होती, वास नाल्यापर्यंत जात होता. पण कोणी पाणी काढीना. मोकळं कोणी केलं नव्हतं. त्यानं स्वतः पिऊन दाखवलं, तर तानुबाई म्हणाली, तू काय बाई हायेस का बे. बाया पुन्हा झिऱ्यावर चालल्या होत्या आणि काल आणखी एका घरात माणूस पडलं होतं.

"त्यायनं तुमाले बोलावलं, ताई," तो म्हणाला. "बाईची पोरगी पेली तं चालन म्हणतात."

नवी परिचारिका कधी येणार, मी विचारलं. सोमवारी, तो म्हणाला. भंडाऱ्याकडची कोणी मुलगी होती, नुकतीच शिकून निघालेली. पहिलीच नेमणूक.

मी गेले. विहिरीपाशी विटा आणून टाकल्या होत्या आणि ओट्याचा एक थर रचून झाला होता, त्यावर कोणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं. बाया रांगेनं उभ्या होत्या. कोणी रडत होतं. शालिग्राम पुन्हा थोडी पावडर बादलीत कालवून विहिरीत सोडत होता, कारण त्यांना ते समोर झालेलं पाहायचं होतं. वासानं माझे डोळे चुरचुरले. तानुबाई पुढे आली. महिन्याभरात ती फार वाळली होती. तिच्या हातात घासून लख्ख केलेला लोटा होता, काठोकाठ भरलेला.

"घे माय," ती म्हणाली. "तुह्या मायची जागा हाये."

शालिग्राम माझ्या मागून हळूच बोलला, "ताई, एक घोट घ्या. हात जोडतो. पावडर ताजी हाये, तुमाले काई होत नाई. नाई पेल्या तं हे लोक झिऱ्यावर जातीन."

तो खरं बोलत होता. मला काही झालं नसतं. एक घोट, आणि सगळ्या घागरी आत्ता भरल्या असत्या, तानुबाईचीही. मी लोटा हातात घेतला. तो थंड होता. सोमवारी ती भंडाऱ्याकडची मुलगी एसटीतून उतरेल. या बाया घागरी घेऊन अशाच रांगेनं उभ्या राहतील, तिला ओटा दाखवतील आणि तिच्या हातात हा लोटा देतील. पोतं ताजं असो की नसो. ती नवी असेल, तिला नाही म्हणता येणार नाही. मला त्या दिवशी जमलं नव्हतं.

आणि मी प्यायले नाही तर तासाभरात यांच्यातल्या अर्ध्याजणी नाल्यावर असतील, हेही मला दिसत होतं.

मी लोटा तानुबाईच्या हातात परत दिला. ती तो घेईना, तेव्हा मी तिची बोटं त्याच्याभोवती धरली. बोलू लागले तर आवाज वर्गातला निघाला, मोठा, आणि भाषा घरची.

"मी नाई पेत, मावशी. नवी बाई येईन, तीबी पेणार नाई. मोकळं पावडरीनं होते अन् थांबल्यानं होते, माणसाच्या पेण्यानं होत नाई. मी इथंच बसते तुमच्यासंग, तासभर. मंग सगळ्या मिळून भरा."  मागे एकीनं घागर उचलल्याचा आवाज आला. मी त्या बाजूला पाहिलं नाही. "बाईनं मरी पेली नाई. बाई हे पाणी पेली अन् त्यानंच मेली. पावडर जुनी होती, वेळ झाला नव्हता. तिले समजत होतं. मलेबी समजत होतं, मी इथं, या जागी उभी होती. मले तिले म्हणायचं होतं, अन् आजवर कधीच म्हटलं नाई." तानुबाई माझ्याकडे पाहत होती. "नको पेऊ, आई. थांब."